पुनरुत्थान, कयामत आणि भीमथडीची माती

ख्रिस्ती मित्राशी धर्माचा विषय निघाला की आपले बोलणे फार वेळ टिकत नाही. तो म्हणतो, येशू क्रुसावर मेला आणि तिसऱ्या दिवशी उठला. आपण म्हणतो, कुरआनात तर साफ सांगितले आहे की त्यांना ठार मारले नाही, क्रुसावरही दिले नाही, अल्लाहने त्यांना स्वतःकडे उचलून घेतले. मग दोघेही गप्प होतात आणि कोणीतरी चहा मागवतो. बारामती-इंदापूर भागात माझ्या आयुष्यात हे असेच कितीदा तरी घडले आहे. भांडण कधी झाले नाही, पण समजही वाढली नाही.

हजरत ईसा अलैहिस्सलाम यांच्याबद्दल माझा ईमान सूरह निसाच्या आयतीवर आहे आणि तो या लेखानेही बदलणार नाही. पण शेजारी ज्या गोष्टीवर जगतो आणि मरतो ती त्याच्यासाठी काय आहे, हे जाणून घ्यायला ती मान्य करावी लागत नाही. दोन हजार वर्षे माणसे 'तो उठला' असे म्हणत आली. हे वाक्य जेरुसलेमहून निघून करा, नीरा आणि भीमेच्या काठापर्यंत कसे आले आणि इथे आल्यावर त्याचा काय अर्थ झाला, हा इतिहास आपण मुसलमानांनीही वाचावा असा आहे.

शब्दापासून सुरुवात

इंजीलचा नवा करार ग्रीक भाषेत आहे. त्यात पुनरुत्थानासाठी 'अनास्तासिस' हा शब्द येतो. त्याचा सरळ अर्थ उठून उभे राहणे. आपला 'कयामत' हा शब्द अरबी 'कियामा'वरून आला, त्याचाही अर्थ उभे राहणे. नमाजात आपण हात बांधून उभे राहतो तो कियाम याच धातूचा आणि जमात उभी राहण्याआधीची इकामतही त्याच धातूची. मराठी ख्रिस्ती लोकांनी 'पुनरुत्थान' शब्द घेतला, त्यातले 'उत्थान'ही उठणेच. तीन भाषांनी एकाच हालचालीवरून शब्द बनवले: आडवा पडलेला माणूस उभा राहतो.

मराठी मुलखात या शब्दाची अडचण वेगळी होती. इथल्या माणसाला पुनर्जन्म माहीत होता. 'पुनः' ऐकले की त्याच्या मनात जन्ममरणाचा फेरा येई. ख्रिस्ती म्हणणे तसे नाही. पुनर्जन्मात देह बदलतो आणि फेरा चालू राहतो. पुनरुत्थानात तोच माणूस, त्याच नावाचा, त्याच जखमांसह उठतो आणि पुन्हा मरत नाही. इंजीलमध्ये हजरत ईसांनी लाझरला जिवंत केल्याची कथा आहे, पण तो लाझर पुढे कधीतरी पुन्हा मेलाच असणार. म्हणून ख्रिस्ती विद्वान त्याला पुनरुत्थान म्हणत नाहीत. आत्मा अमर आहे आणि देहाच्या तुरुंगातून तो सुटतो, असे ग्रीक तत्त्वज्ञ सांगत. हेही पुनरुत्थान नव्हे. अथेन्सला जाऊन पौलाने अनास्तासिसची गोष्ट काढली तेव्हा काही लोकांना वाटले की हा कोणा नव्या दैवताचे नाव घेतो आहे, आणि काही जण हसले. देह परत मिळणार ही कल्पना शिकलेल्या ग्रीक माणसाला गावंढळ वाटत होती. मक्केच्या कुरैशांनीही हेच विचारले होते: हाडे कुजून चुरा झाल्यावर त्यांना कोण उठवणार?

या बाबतीत ख्रिस्ती आणि मुसलमान एकाच बाजूला उभे आहेत. पौलाने करिंथकरांना लिहिलेल्या पहिल्या पत्राच्या पंधराव्या अध्यायात पेरलेल्या बियाण्याचा दाखला दिला. कुरआनने अनेक ठिकाणी मेलेल्या जमिनीवर पडणाऱ्या पावसाचा दाखला दिला. इंदापूरच्या माळावर मे महिन्यात उभे राहून जो माणूस जुलैत पुन्हा तिथे गेला आहे, त्याला हे दोन्ही दाखले वेगळे समजावून सांगायला नकोत.

क्रुसावरचा निकाल

क्रूस आज गळ्यात घालायचा दागिना झाला आहे. रोमच्या राज्यात ती गुलामांची आणि बंडखोरांची शिक्षा होती. इ.स.पू. ७१ मध्ये स्पार्टाकसचे बंड मोडल्यावर सुमारे सहा हजार गुलामांना रोमकडे जाणाऱ्या हमरस्त्यावर ओळीने क्रुसावर टांगले गेले. १९६८ साली जेरुसलेमजवळ एका थडग्यात एका माणसाच्या टाचेचे हाड सापडले. त्यात खिळा तसाच अडकलेला होता. जीव घेणे हा या शिक्षेचा एक भाग, पण माणसाला उघड्यावर, नग्न, सगळ्यांदेखत क्षुद्र करून टाकणे हा तिचा खरा हेतू. त्यात तौरातमध्ये झाडावर टांगलेला माणूस शापित मानला आहे. म्हणजे राज्याने गुन्हेगार ठरवले आणि धर्मानेही टाकले.

आता या पार्श्वभूमीवर ख्रिस्ती वाक्य पुन्हा ऐकावे. इ.स. २६ ते ३६ या काळात यहूदियाचा रोमन सुभेदार असलेल्या पिलाताने ज्याला मृत्युदंड दिला, त्याला देवाने उठवले, असे ते म्हणत होते. म्हणजे पिलाताचा निकाल वरच्या न्यायालयाने फिरवला. सुरुवातीच्या ख्रिस्ती लोकांना यातला चमत्कार तर भावलाच, पण ज्याला सत्तेने चिरडले त्याची बाजू खरी होती हा निवाडा त्याहून मोठा वाटला. यहुदी परंपरेत हा विचार आधीपासून होता. इ.स.पू. दुसऱ्या शतकात परक्या राजाने धर्मासाठी माणसे हालहाल करून मारली, तेव्हा प्रश्न उभा राहिला की यांना न्याय कधी मिळणार. त्याच काळातल्या लिखाणात मेलेले उठतील ही आशा ठळकपणे दिसू लागते. सदूकी पंथाचे श्रीमंत पुरोहित ही आशा मानत नसत, परूशी मानत. ज्याचे या जगात सगळे ठीक चालले आहे, त्याला कयामतची घाई नसते.

मुसलमान वाचकाला इथे कर्बला आठवल्याशिवाय राहणार नाही. दोन्ही घटना सारख्या नाहीत आणि त्या सारख्या करूही नयेत. पण अल्लाहच्या वाटेवर मारले गेलेल्यांना मेलेले म्हणू नका, ते जिवंत आहेत, असे कुरआन सांगते, तेव्हा सत्तेने दिलेला मृत्यू हा शेवटचा शब्द नाही हेच सांगितले जाते.

आणखी एक गोष्ट लक्षात घेण्यासारखी आहे. चारही शुभवर्तमानांत रिकाम्या कबरीवर आधी पोहोचतात त्या बायका. मरियम मग्दालियाचे नाव चारही ठिकाणी आहे. त्या काळच्या यहुदी समाजात बाईच्या साक्षीला किंमत नव्हती, असे इतिहासकार जोसेफस लिहून गेला आहे. तरीही ही साक्ष कोणी वगळली नाही.

जा आणि सांगा

पुनरुत्थान आणि मिशन यांचा संबंध मत्तयच्या शुभवर्तमानाच्या शेवटी आहे. उठलेला येशू गालीलातल्या डोंगरावर शिष्यांना भेटतो आणि सर्व राष्ट्रांत जायला सांगतो. यहूदाच्या जागी बारावा प्रेषित निवडायचा होता तेव्हा अटच ही होती की तो पुनरुत्थानाचा साक्षीदार हवा. म्हणजे मिशनरी या शब्दाच्या मुळाशी साक्षीदार आहे. आपली शहादत आणि शहीद हे दोन्ही शब्दही साक्षीचेच.

पुढे कित्येक शतके युरोपातल्या अनेक चर्चपंडितांनी ठरवले की ती आज्ञा पहिल्या प्रेषितांपुरती होती. १७९२ मध्ये विल्यम कॅरी नावाच्या इंग्रज चांभाराने एक पुस्तिका लिहून विचारले की आज्ञा संपली असेल तर मग सोबत राहण्याचे वचनही संपले का. पुढच्याच वर्षी तो बंगालमध्ये उतरला. मराठीशी त्याचा संबंध इथे येतो. वैजनाथ पंडितांच्या मदतीने त्याने १८०५ मध्ये मराठीचे व्याकरण छापले, १८१० मध्ये कोश काढला आणि मराठीत बायबल आणण्याचे काम श्रीरामपूरहून सुरू केले. त्याच्या जवळजवळ दोनशे वर्षे आधी, १६१६ मध्ये, गोव्यात फादर थॉमस स्टीफन्स यांचे 'ख्रिस्तपुराण' छापले गेले होते. ओवीत लिहिलेल्या त्या ग्रंथात येशूचा जन्म, मरण आणि उठणे सगळे मराठी वळणाने येते.

मुसलमानांशी मिशनऱ्यांची गाठ पडली ती वादाच्या मैदानात. १८५४ च्या एप्रिलमध्ये आग्र्याला मौलाना रहमतुल्लाह कैरानवी आणि पाद्री फांडर यांचा गाजलेला मुनाझरा झाला. विषय पाच ठरले होते: नस्ख, तहरीफ, त्रैक्य, ईसांचे देवत्व आणि हजरत मुहम्मद सल्लल्लाहु अलैहि वसल्लम यांची नुबुव्वत. प्रत्यक्षात पहिल्या दोन विषयांवरच चर्चा होऊ शकली. पुनरुत्थान यादीतच नव्हते. आपल्याकडे आजही ख्रिस्ती धर्मावर बोलणारे बहुतेक जण त्याच यादीतले प्रश्न विचारतात. मुनाझऱ्यात समोरच्याला हरवायचे असते. त्याची आशा कशावर टिकली आहे हे विचारायला तिथे जागा नसते.

भीमथडीत

एकोणिसाव्या शतकात पुण्याच्या स्कॉटिश मिशनचे काम इंदापूरपर्यंत पोहोचले होते. हा मुलूख त्या वेळी कसा होता? १८३० च्या दशकात गोल्डस्मिड आणि विंगेट यांची नवी जमीन मोजणी इंदापूर तालुक्यापासून सुरू झाली, कारण आधीच्या सारावसुलीने हा तालुका उजाड झाला होता. १२ मे १८७५ रोजी सुप्याच्या बाजारात शेतकऱ्यांनी सावकारांच्या वह्या आणि रोखे जाळले आणि दख्खनच्या दंग्यांना तोंड फुटले. ते सुपे आज बारामती तालुक्यात आहे. वर्षभरातच १८७६ ते १८७८ चा दुष्काळ आला आणि पुणे, सोलापूर, अहमदनगर जिल्ह्यांची दैना झाली.

या भागात मेल्यानंतरच्या कथांना तोटा नव्हता. इंदापूरला मालोजीराजांची गढी आहे आणि चांदशावली बाबांचा दर्गा आहे. सुप्याला शाह मन्सूर यांचा दर्गा आहे. तुकोबांची पालखी बारामतीहून इंदापूरमार्गे पंढरपूरला जाते आणि वारकऱ्याच्या मनात तुकोबा सदेह वैकुंठाला गेलेले असतात. मंगळवेढ्याला भिंतीखाली चिरडून मेलेल्या चोखोबांची हाडे विठ्ठलाचे नाव घेत होती, त्यावरून नामदेवांनी ती ओळखली, अशी कथा इथे सगळ्यांना पाठ आहे. ज्याला जिवंतपणी देवळात जाऊ दिले नाही त्याच्या हाडांना देवाच्या दारात जागा मिळाली. बळीराजाला पाताळात घातले तरी दिवाळीत आयाबाया त्याचे राज्य परत येवो म्हणून ओवाळतात. पुण्याच्या स्कॉटिश मिशन शाळेत शिकलेल्या जोतीराव फुल्यांनी १८७३ च्या 'गुलामगिरी'त येशूची सांगड याच बळीराजाशी घातली.

म्हणून मिशनरी 'चिरडलेला माणूस उठला' असे सांगू लागले तेव्हा महारवाड्यात आणि मांगवाड्यात ते अगदी परके वाटले नसावे. दुष्काळात धर्मांतरे वाढली हे खरे. धान्यासाठी धर्म सोडला, असा टोमणा तेव्हाही मारला गेला आणि आजही मारला जातो. काही मिशनऱ्यांना स्वतःलाच ही शंका होती आणि ते बाप्तिस्मा द्यायला घाई करीत नसत. मिशन साम्राज्याच्या सावलीत वाढले हेही नाकारता येत नाही. पण ज्याची सावलीही विटाळ मानली जात होती, त्याला कोणी सांगितले की तुझा देह देवाला इतका मोलाचा आहे की तो मातीतूनही परत उठवेल, तर त्या वाक्याचे वजन पोत्याभर धान्यापेक्षा कमी धरता येणार नाही. आपल्याकडच्या ख्रिस्ती दफनभूमीत प्रत्येक कबरीवर नाव असते. ज्या घरांतल्या पूर्वजांची नावे गावाच्या दप्तरात जातीच्या शिवीसारखी लिहिली गेली, त्या घरांना दगडावर कोरलेल्या नावाचे मोल वेगळे सांगावे लागत नाही.

केडगावची बाई

बारामतीहून दौंडच्या बाजूने निघाले की पुण्याच्या वाटेवर केडगाव लागते. पंडिता रमाबाईंचे मुक्ती मिशन तिथे आहे. रमाबाईंच्या आयुष्यात मरण फार लवकर आले. १८७४ च्या सुमारास उपासमारीत आईवडील आणि बहीण गेली. १८८० मध्ये भाऊ गेला, १८८२ मध्ये पती गेले. १८८३ च्या सप्टेंबरात इंग्लंडमधल्या वाँटेज येथे त्यांनी बाप्तिस्मा घेतला, पण तिथल्या सिस्टरांचे सगळे मुकाट्याने ऐकले नाही. त्रैक्याच्या सिद्धान्तावर त्यांनी पत्रांतून कडाक्याचा वाद घातला आणि चर्चच्या अधिकाऱ्यांपुढे आपली बुद्धी गहाण ठेवायला नकार दिला. ती पत्रे वाचताना मुसलमान वाचकाला काही ठिकाणी आपलेच प्रश्न भेटतात.

१८९६ आणि १९०० च्या दुष्काळांत त्यांनी मध्य प्रांत आणि गुजरातपर्यंत जाऊन मुली आणि विधवा आणल्या. हाडांचे सापळे झालेल्या शेकडो जणी केडगावला उभ्या राहिल्या. त्यांनी शेती केली, विणकाम केले, छापखाना चालवला. पुनरुत्थानावर रमाबाईंनी प्रवचने किती दिली यापेक्षा हे मला अधिक बोलके वाटते. त्यांचे शेवटचे मोठे काम म्हणजे बायबलचे सोपे मराठी भाषांतर. आधीच्या भाषांतरांची संस्कृतप्रचुर मराठी खेड्यातल्या बायकांना कळत नाही म्हणून त्या हिब्रू आणि ग्रीक शिकल्या. जुळारी बायकाच होत्या. २४ जुलै १९२१ रोजी एकुलती एक मुलगी मनोरमा गेली. तरीही मुद्रिते तपासणे थांबले नाही. काम हातावेगळे झाले आणि ५ एप्रिल १९२२ रोजी रमाबाई झोपेतच गेल्या. संपूर्ण बायबल १९२४ मध्ये बाहेर आले.

तुकोबांच्या पुलावरून आपण ख्रिस्ताकडे आलो असे म्हणणारे रेव्हरंड नारायण वामन टिळक १९१९ मध्ये वारले. त्यांच्या इच्छेप्रमाणे त्यांच्या देहाला अग्नी दिला गेला आणि रक्षा अहमदनगरला नेली गेली. दफनाचा आग्रह धरणाऱ्या समाजात हे धाडसच होते. ज्याने मातीतून माणूस केला त्याला राखेतून करणे अवघड नाही, अशी त्यामागची श्रद्धा असणार.

कयामतचे चर्च

जेरुसलेमला ज्या ठिकाणी ख्रिस्ती लोक येशूची कबर मानतात, तिथल्या चर्चला अरब ख्रिस्ती 'कनीसतुल कियामा' म्हणतात. म्हणजे कयामतचे चर्च. हजरत उमर रजियल्लाहु अन्हु जेरुसलेमला आले तेव्हा नमाजची वेळ झाली, पण पुढे मुसलमान त्या जागेवर हक्क सांगतील म्हणून त्यांनी चर्चमध्ये नमाज पढली नाही, अशी रिवायत आहे. त्या दाराची किल्ली आणि दार उघडण्याचे काम कित्येक शतकांपासून जूदा आणि नुसैबा या दोन मुस्लिम घराण्यांकडे आहे. याची दुसरी बाजूही आपल्याच इतिहासात आहे. १००९ मध्ये फातिमी खलिफा अल हाकिमने ते चर्च पाडले आणि कित्येक मुस्लिम लेखकांनी 'कियामा'चे 'कुमामा' करून त्याला उकिरडा म्हटले.

सूरह कहफ आपण जुम्याला पढतो. गुहेत झोपलेल्या त्या तरुणांची कथा ख्रिस्ती परंपरेतही आहे. तिथे ती इफिससच्या सात निद्रिस्तांची कथा आहे. बादशहा डेसियसच्या छळातून ते पळाले आणि पाचव्या शतकात दुसऱ्या थिओडोशियसच्या काळात जागे झाले, असे ख्रिस्ती सांगतात. त्या वेळी चर्चमध्ये देह उठणार की नाही यावर वाद चालू होता आणि या तरुणांचे जागे होणे हे त्याचे उत्तर ठरले. कुरआननेही ही कथा सांगताना तोच हेतू सांगितला आहे: अल्लाहचे वचन खरे आहे आणि कयामतच्या घडीबद्दल शंका नाही, हे लोकांना कळावे.

कागदावरची जात

हे सगळे जुने झाले असे कोणाला वाटेल. १० ऑगस्ट १९५० च्या राष्ट्रपतींच्या आदेशाने अनुसूचित जातींच्या सवलती हिंदूंपुरत्या ठेवल्या. १९५६ मध्ये त्यात शीख आले, १९९० मध्ये बौद्ध आले. ख्रिस्ती आणि मुसलमान आजही बाहेर आहेत. रंगनाथ मिश्रा आयोगाने २००७ मध्ये धर्माची अट काढावी अशी शिफारस केली. २०२२ मध्ये न्यायमूर्ती बालकृष्णन यांचा नवा आयोग नेमला गेला. इंदापूर तालुक्यातल्या एखाद्या मातंग ख्रिस्ती घराला गाव जुन्याच नावाने ओळखतो आणि सरकार म्हणते की चर्चमध्ये गेलात तेव्हाच जात गेली. मग अनेक जण रविवारी एक नाव लावतात आणि दाखल्यावर दुसरे. त्यांच्यावर दुटप्पीपणाचा आरोप होतो. आपल्यातल्या दलित मुसलमानांची गतही हीच आहे आणि आपल्या जमाती त्यांच्यासाठी किती वेळा उभ्या राहिल्या, हा प्रश्न आपण आपल्यालाच विचारायचा आहे.

हजरत ईसा क्रुसावर गेले की नाही, यावर माझा आणि माझ्या ख्रिस्ती शेजाऱ्याचा निकाल अल्लाहच लावणार आहे. दोघांचाही विश्वास आहे की तो दिवस येईल आणि त्या दिवशी सगळे उभे राहतील. त्यात सुप्याच्या बाजारातला कर्जबाजारी शेतकरी असेल, १८७७ मध्ये रस्त्यावर मेलेली नाव नसलेली बाई असेल, केडगावच्या मुली असतील. प्रत्येकाला विचारले जाईल आणि प्रत्येकाचे ऐकूनही घेतले जाईल. तोवर येत्या ईस्टरला पहाटे शेजारच्या घरातून कोणी 'प्रभू उठला आहे' म्हणाले, तर वाद न घालता त्याला निदान एवढे विचारावे, की तुझ्या आजोबांनी हे पहिल्यांदा ऐकले तेव्हा त्यांना काय वाटले होते. चहा त्यानंतर मागवता येईल.